जुळलेली हाडं, चिकटलेली हाडं: अस्थिसंग्रहाच्या कामाची वही

१७ जून

पशुवैद्यकीय कॉलेजातल्या आमच्या शरीररचना विभागाचा अस्थिसंग्रह गळक्या खोलीतून पहिल्या मजल्यावर हलवायचा आहे. पाऊस लागायच्या आत व्हायला हवं होतं, ते अर्थातच झालेलं नाही. घोडा, बैल, कुत्रा, डुक्कर यांचे उभे सांगाडे चाकांच्या पाटावर आहेत, ते जातील. खरा प्रश्न खोक्यांचा आहे. पत्र्याच्या ट्रंका, फळांची खोकी, दोन पोती. त्यात वर्षानुवर्षं शवविच्छेदनातून आलेली, विद्यार्थ्यांच्या हाताळणीत मिसळून गेलेली, चिठ्ठ्या गळून पडलेली हाडं.

सरांनी विचारलं, नुसती जातवार लावून ठेवणार, की त्यातून शिकवता येईल असं काही करणार? माझ्या डोक्यात एक गोष्ट बरेच दिवस घोळते आहे. तोंडी परीक्षेत गाईच्या पुढच्या पायाची नळी (गुडघ्याखालचं लांब हाड) हातात दिली, की दोघे-तिघे तरी हमखास 'भरून आलेलं जुनं फ्रॅक्चर' म्हणतात. समोरून उभी खाच दिसते ना! आणि घोड्याच्या मागच्या पायातली, हॉक सांध्याची (म्हणजे घोट्याची) खरोखर आजाराने चिकटलेली हाडं दिली, तर 'नॉर्मल' म्हणून मोकळे होतात. पॅथॉलॉजीत आजार शिकवतात, आमच्याकडे रचना शिकवतात. मधली फट कोणाच्याच तासाला येत नाही.

तर ठरलं ते असं: एक मोठं काचेचं कपाट फक्त एकमेकांत मिळून गेलेल्या हाडांसाठी. निसर्गतः जुळलेली डावीकडे, आजाराने किंवा इजेने चिकटलेली उजवीकडे. जात कुठलीही चालेल. सर म्हणाले, "करा. पण पैसे मागू नका."

२२ जून

खोकी उघडायला सुरुवात. मामा सोबत आहेत. विभागातले जुने परिचर, सगळं कॉलेज त्यांना मामाच म्हणतं. पुस्तक न उघडता ते मणका हातात घेऊन 'शेळी' किंवा 'मेंढी' म्हणतात आणि बहुतेक वेळा बरोबर निघतात.

मानेचे मणके या सगळ्या जनावरांत ७, तिथे आकड्यावरून जात कळत नाही. पाठीत कळते. गाय, म्हैस, शेळी, मेंढी, कुत्रा यांना १३, डुकराला १४ किंवा १५, घोड्याला १८. जितके पाठीचे मणके तितक्याच बरगड्यांच्या जोड्या, त्यामुळे एका पोत्यातल्या बरगड्या मोजून निम्मा गोंधळ मिटला.

गाई-बैलांची हाडं सगळी शवविच्छेदनाची आहेत. राज्यात गाईच्या कत्तलीला आधीपासून आणि २०१५ पासून बैल, वळू यांच्याही कत्तलीला बंदी आहे, तेव्हा नंतरची निरोगी, तरुण हाडं जवळपास सगळी म्हशीची. हे ध्यानात ठेवायला हवं. आमच्याकडे गाईचं हाड येतं ते बहुतेक आजारी किंवा म्हाताऱ्या जनावराचं. 'नॉर्मल गाय' म्हणून जे दाखवतो ते खरंच नॉर्मल आहे का, हे प्रत्येक नमुन्यागणिक पाहावं लागेल.

एका खोक्यात चितळाचं शिंग निघालं. मुळाशी कवटीचा तुकडा नाही, म्हणजे गळून पडलेलं असणार. तरीही १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली ते असं बाळगता येत नाही. सरांना सांगितलं, पत्र लिहायचं आहे.

२ जुलै

आज नळी कापली. म्हशीची, पुढच्या पायाची, करवतीने आडवी. आत नेमकं जे दाखवायचं होतं ते मिळालं: मगजाच्या (हाडातल्या मऊ गाभ्याच्या) पोकळीच्या मधोमध हाडाचा उभा पातळ पडदा. गर्भात तिसरं आणि चौथं मेटाकार्पल (आपल्या तळहातातल्या हाडांसारखी) ही दोन वेगळी हाडं असतात, पुढे ती जुळून एक नळी होते. बाहेरची खाच आणि आतला पडदा ही त्या जुळणीची उरलेली खूण. खाली दोन डोकी असतात, प्रत्येकावर एक बोट, एक खूर. खोक्यात एक लहान गर्भाचा सांगाडा होता, त्यातली दोन्ही मेटाकार्पल अजून सुटी. ती दोन्ही, अख्खी नळी आणि कापलेली नळी एका फळीवर ठेवली की बोलायची गरजच पडणार नाही.

त्याच फळीच्या उजव्या बाजूला काय? होल्स्टीन जातीत 'म्यूलफूट' नावाचा आनुवंशिक दोष आहे. यात नळीच्या खालची दोन्ही बोटंही एकमेकांत मिळतात आणि वासरू एकाच खुरावर उभं राहतं. दोष दोन्ही पालकांकडून यावा लागतो. एकच पाय बाधला असेल तर तो बहुधा उजवा पुढचा. आमच्याकडे नमुना नाही, चित्र लावू. गंमत अशी की डुकरांची एक अमेरिकन जात एका खुराचीच आहे, तिथे तो दोष नसून जातीची ओळख. घोड्याचं तर सगळं शरीरच एका बोटावर.

निसर्गतः जुळलेल्या हाडांची पहिली कसोटी आजच्यापुरती अशी लिहून ठेवली: डावा-उजवा पाय सारखा, पृष्ठभाग गुळगुळीत, वरचं कठीण आवरण एकसलग. आजाराने चिकटलेलं हाड एकाच बाजूला, खडबडीत, भोकाभोकांचं. ही कसोटी किती टिकते ते पाहायचं.

९ जुलै

पाऊस. काहीही वाळत नाही. सोड्यात उकळून काढलेली डुकराची हाडं तशीच ओशट आहेत, डुकराच्या हाडांतलं तेल निघता निघत नाही. मामांनी ब्लीचिंग पावडरचा डबा काढला होता, तो परत ठेवायला लावला. त्याने हाड पांढरं होतं, पण वरचा थर भुसभुशीत होऊन पुढे गळत राहतो, आणि आम्हाला तर नेमका तो थरच वाचायचा आहे. हायड्रोजन पेरॉक्साइड, तेही पातळ करून, तेल निघाल्यावरच.

पॅथॉलॉजीच्या मॅडमनी नव्या शवांबद्दल बजावलं: धडधाकट जनावर अचानक मेलं आणि नाकातोंडातून न गोठणारं काळपट रक्त आलं असेल, तर सुरी लावायची नाही. फाशी रोगाचे (ॲन्थ्रॅक्सचे) जिवाणू हवा लागली की बीजाणू करतात आणि जमिनीत वर्षानुवर्षं टिकतात. संग्रहासाठी हाड हवं म्हणून कोणी उत्साह दाखवू नये.

१६ जुलै

पुढच्या पायाच्या रेडियस आणि अल्ना या कोपर ते मनगट यांमधल्या दोन हाडांची रांग लावली. आतापर्यंतची सगळ्यात देखणी फळी.

कुत्रा: दोन्ही हाडं पूर्ण सुटी, एकमेकांना तिरकी ओलांडणारी, त्यामुळे पंजा थोडाफार फिरतो. डुक्कर: सुटी, पण तंतूंनी घट्ट बांधलेली, आणि अल्नाच जास्त दणकट. गाय: अल्ना वरपासून खालपर्यंत शाबूत, पण रेडियसला जुळलेली, मध्ये फक्त दोन फटी. घोडा: अल्ना अर्ध्या वाटेतच रेडियसमध्ये विरते. तिचं खालचं टोक शिंगरात वेगळं केंद्र म्हणून तयार होतं आणि वर्षभरात रेडियसचाच भाग होऊन बसतं. पळण्यासाठी पाय एकाच दिशेने हलावा, पिळला जाऊ नये, ही सोय. जनावर जितकं धावणारं आणि वजनदार, तितकी ही दोन हाडं एकमेकांजवळ.

आता कुत्र्याची दुसरी बाजू. खोक्यात एका मोठ्या जातीच्या, वर्षाच्या आतल्या कुत्र्याचा पाय आहे, धनुष्यासारखा बाकलेला. इथे हाडं एकमेकांना चिकटलेलीच नाहीत, तरी हा नमुना याच कपाटात हवा असं माझं ठाम मत आहे. अल्नाची जवळपास सगळी लांबी तिच्या खालच्या वाढचकतीतून (टोकाशी असलेल्या, हाड लांबवणाऱ्या कूर्चेच्या थरातून) येते, आणि कुत्र्यात ती चकती शंकूच्या आकाराची असते. पिल्लू उंचावरून पडलं, गाडीचा धक्का लागला, तर बाजूने आलेला जोरही तिथे दाबातच बदलतो. चकती चिरडते आणि वेळेआधी हाडात मिळून जाते. अल्ना थांबते, रेडियस वाढतच राहतो. त्याला जायला जागा नसते, म्हणून तो वाकतो, मनगट बाहेर वळतं, वर कोपराचा सांधाही बिघडतो. मालक महिन्याभराने येतो आणि म्हणतो, पडल्यावर लगेच चालायला लागलं होतं, काही झालं नव्हतं. पहिल्या एक्स-रेत खरंच काही दिसत नाही.

म्हणजे वाढचकती मिटणं हेही जुळणंच, फक्त वेळेवर व्हायला हवं. उजवीकडच्या फळीला 'अवेळी जुळलेली' असा उपविभाग वाढवला.

२४ जुलै

म्हशीच्या आणि गाईच्या कवट्या खालून पाहायच्या. आपल्या म्हशीत व्होमर हे नाकातलं पडद्याचं हाड मागपर्यंत टाळूला जुळलेलं असतं, त्यामुळे नाकाची मागची वाट दोन भागांत पूर्ण विभागते. गाईत मागे मोकळी जागा राहते. शिंगं काढलेल्या कवट्यांची वाटणी अर्ध्या तासात झाली. मामांना हे माहीत नव्हतं, आणि त्यांना माहीत नसलेलं काही सापडलं याचा आम्हा दोघांनाही आनंद झाला.

खालच्या जबड्याचंही पाहून घेतलं. गाय, शेळी, कुत्रा यांचे दोन अर्धे हनुवटीपाशी आयुष्यभर पूर्णपणे जुळत नाहीत. उकळल्यावर सुटे होतात. घोड्याचे जन्मानंतर काही महिन्यांतच एक होतात. संग्रहातले गाईचे तीन जबडे कोणीतरी 'तुटलेले' म्हणून बाजूला टाकून दिले होते. धडधाकट आहेत.

५ ऑगस्ट

घोड्याची ट्रंक. शर्यतीच्या एका निवृत्त घोड्याचा अख्खा सांगाडा, शिवाय टांग्याच्या घोड्यांचे सुटे पाय. शहरांत टांगे होते तेव्हा हे साहित्य मुबलक असे. जुनी पुस्तकंही घोड्याला प्रमाण धरून लिहिलेली आणि बाकीची जनावरं त्याच्याहून 'वेगळी' म्हणून. आता आपल्याकडे शिकवताना गाय-म्हैस प्रमाण, आणि घोडा परीक्षेपुरता.

पण माझ्या कपाटासाठी घोड्याइतकं अडचणीचं आणि म्हणूनच कामाचं जनावर नाही.

नळीच्या दोन्ही बाजूंना दुसऱ्या आणि चौथ्या मेटाकार्पलच्या काड्या. तरुण घोड्यात त्या तंतूंनी बांधलेल्या असतात. वय वाढलं की ते तंतूच हाड होतात आणि काडी नळीला जुळते, घोडा लंगडत नाही. तेच तरुण वयात, कडक जमिनीवर जोराचं काम पडून झालं, तर तिथे सूज येते, दुखतं, हाडाचा टेंगूळ उठतो. त्याला 'स्प्लिंट' म्हणतात, बहुतेक वेळा पुढच्या पायाच्या आतल्या अंगाला. एक-दोन महिन्यांत दुखणं जातं, टेंगूळ राहतो. कपाटात तो कुठे ठेवायचा? जुळणी तीच, एकीकडे वय, दुसरीकडे इजा. शेवटी दोन पाय शेजारी-शेजारी ठेवले: म्हाताऱ्या घोड्याचा सपाट जुळलेला, आणि दुसरा टेंगूळवाला.

कमरेचंही असंच. घोड्याच्या शेवटच्या कंबरमणक्यांचे आडवे पंख एकमेकांशी आणि त्रिकास्थीशी (कमरेखालच्या एकजीव मणक्यांशी) चक्क सांधे करतात. गाईत, कुत्र्यात असं नाही. वयानुसार हे सांधे पुष्कळदा चिकटून जातात. फक्त गाईचा कणा पाहिलेल्या विद्यार्थ्याला ते भयंकर वाटतं.

मग 'बोन स्पॅव्हिन'. हॉक सांध्याच्या खालच्या ओळीतल्या, मुळातच कमी हलणाऱ्या सांध्यांचा झिजेचा आजार. घोडा लंगडतो, हाडांच्या कडांना अंकुर फुटतात, आणि हळूहळू ते सांधे हाडानेच बंद होतात. पूर्ण बंद झाले की दुखणं बऱ्याचदा थांबतं. इतकं, की आपणहून बंद होत नसतील तर शस्त्रक्रियेने सांध्यातली कूर्चा खरवडून ते बंद पाडतात. म्हणजे आजार ज्या दिशेने चालला आहे त्याच दिशेने त्याला लवकर ढकलणं हाच इलाज. आणि गाईत त्याच परिसरातली हाडं, मधलं आणि चौथं, निरोगी अवस्थेतच एक असतात. हे दोन्ही हॉक आज मी बराच वेळ टेबलावर ठेवून पाहत बसले.

कवटीचं एक हाड या कपाटात बसत नाही, पण नोंद हवी. घोड्याचा वरचा जबडा फुगलेला, वजनाला हलका, दातांची घरं सैल. नुसता गव्हाचा कोंडा चारलेल्या घोड्यांत हे होतं. कोंड्यात फॉस्फरस कॅल्शियमच्या जवळपास दहापट असतो. रक्तातलं कॅल्शियम सावरायला पॅराथायरॉइड ग्रंथी ते हाडातून ओढून घेते आणि रिकाम्या जागी तंतू भरतात. पूर्वी गिरणीवाल्यांच्या घोड्यांचा आजार म्हणून हा ओळखीचा होता. चुनखडीची जोड दिली की टळतो, इतका साधा.

१३ ऑगस्ट

कोंबडी. विद्यार्थी या फळीला हसणार, कारण ही हाडं सगळ्यांनी ताटात पाहिलेली असतात.

कोंबडीचं सगळं शरीरच जुळणीचं आहे. दोन हासळ्या मिळून इंग्रजी व्ही आकाराचं एक हाड. छातीचे बरेचसे मणके एकमेकांत. मागे शेवटचा छातीमणका, कंबर, त्रिक आणि शेपटीचे पहिले मणके मिळून एकच पाटी. उडताना धड ताठ राहावं म्हणून. या दोन जुळलेल्या पट्ट्यांच्या मध्ये एकच छातीमणका मोकळा राहतो, आणि ब्रॉयलरमध्ये घात होतो तो नेमका तिथे. झपाट्याने वजन वाढणाऱ्या पिल्लात तो मणका सरकतो, मज्जारज्जू दाबला जातो, पिल्लू शेपटीवर आणि ढोपरांवर बसून पाय हवेत धरतं. बाकी कण्यात आजार म्हटलं की चिकटणं शोधायचं. इथे जो चिकटला नाही तो पकडायचा.

अंड्यावरच्या कोंबडीच्या मांडीचं हाड उभं चिरून ठेवलं, शेजारी कोंबड्याचं. कोंबडीच्या मगजाच्या पोकळीत बारीक हाडाची जाळी भरलेली, कोंबड्याची पोकळी रिकामी. एका अंड्याच्या कवचाला सुमारे २ ग्रॅम कॅल्शियम लागतं, कवच बनतं रात्री, जेव्हा पोटात खाद्य नसतं, तेव्हा ही जाळी कामी येते. एक्स-रेत ती पाहून नवखा डॉक्टर गाठ समजू शकतो. खाद्यात कमी पडलं की जाळीनंतर मूळ हाडही वापरलं जातं, आणि पिंजऱ्यातली कोंबडी एक दिवस उभीच राहत नाही.

२१ ऑगस्ट

खांदेमळणीचा दिवस. गावाकडे आज बैलांच्या खांद्यांना हळद-तूप लागत असेल, आम्ही बैलांचे खांदे मोजत बसलो.

बैल ही वेगळीच गोष्ट आहे. खच्चीकरण लवकर झालं की वाढचकत्या उशिरा मिटतात, म्हणून बैलाची हाडं वळूपेक्षा लांब आणि सडपातळ, शिंगंही लांब. खिलार बैलाच्या त्या उंच, ताठ चालीत जातीचा वाटा आहेच, पण वाढचकत्यांचाही आहे. आणि वशिंड: त्यात हाड नसतं, ते स्नायू आणि चरबीचं. पण आपल्या देशी गोवंशाच्या पाठीच्या काही मणक्यांचे वरचे काटे टोकाला दुभंगलेले असतात, विदेशी गाईंत ते तसे नसतात. पुरातत्त्वाचे लोक उत्खननात वशिंडवाला बैल ओळखतात तो यासारख्या खुणांवरून. विद्यार्थ्यांना ते दुभंगलेले काटेही रोगट वाटतात, म्हणून डाव्या फळीवर एक मणका ठेवला.

घोड नदीकाठच्या इनामगावला डेक्कन कॉलेजने १९६८ पासून बरीच वर्षं उत्खनन केलं. तीन हजार वर्षांपूर्वीच्या त्या वस्तीत जनावरांच्या हाडांत सगळ्यात जास्त गोवंशाची. अशा हाडांतला बैल ओढकामाचा होता का, हे ठरवायला बोटांच्या हाडांच्या कडांना आलेले अंकुर आणि नळीच्या खालच्या टोकाचा आतल्या बाजूला रुंदावलेला भाग पाहतात. यूलिउस वोल्फ या जर्मन शल्यचिकित्सकाने १८९२ मध्ये मांडलं तेच: हाडावर जसा भार, तशी त्याची घडण. पण म्हातारपण आणि वजनही हेच अंकुर देतात, म्हणून एकट्या बोटावरून 'हा नांगराचा बैल' म्हणू नये. आमच्या ट्रंकेतल्या बैलांची पूर्वकथा चिठ्ठ्यांबरोबर गेली. ओढकाम नक्की माहीत असलेला एक तरी सांगाडा हवा होता.

तो मिळाला असता. गेल्या आठवड्यात दवाखान्यात एक म्हातारा बैल गेला, जन्मभर औताचा. मालकांना विचारलं. ते म्हणाले, "मॅडम, तुम्ही डॉक्टर माणूस, तुम्हाला लागत असंल. पण त्याला आम्ही बांधावरच ठेवणार." मी पुन्हा विचारलं नाही. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून घेऊन गेले.

वळूचे मात्र मणके आहेत. रेतन केंद्रातल्या म्हाताऱ्या वळूंत छातीच्या शेवटच्या आणि कमरेच्या मणक्यांना खालून हाडाचे पूल येतात. मेण ओघळून गोठावं तसं दिसतं. आधी वळू उडी घ्यायला नाखूष होतो, पुढे एखाद्या उडीत हा पूलच तडकतो आणि तो मागच्या अंगाने बसतो. पूल डावी-उजवीकडे बऱ्यापैकी सारखे आहेत. माझी सममितीची कसोटी इथे डळमळते.

३ सप्टेंबर

आणि आज पूर्ण पडली. तळातल्या खोक्यावर 'यवतमाळ' एवढाच शब्द. आत एका गाईच्या चारही नळ्या, काही बरगड्या, खालचा जबडा. हाडं जड, खडूगत पांढरी, पृष्ठभाग खडबडीत. मागच्या नळ्यांच्या वरच्या भागात आतल्या अंगाला थर चढलेला, दोन्हीकडे सारखा. बरगड्या जाड. बांधणीच्या तंतूंच्या जागाही हाड झालेल्या. मॅडमना बोलावलं. त्यांनी आधी दात पाहिले: कातरदातांवर तपकिरी-काळे डाग, खळगे, आणि वयाच्या मानाने झिजलेले.

फ्लोरोसिस. खडकातून विंधनविहिरीच्या पाण्यात उतरणारं फ्लोराइड जनावर रोज पितं, आणि हाडं-दात ते साठवून ठेवतात. पाण्याच्या भारतीय मानकात फ्लोराइडची इष्ट मर्यादा लिटरला १ मिलिग्रॅम, दुसरा स्रोत नसेल तर १.५. आपल्याकडे यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडचा किनवट भाग यासाठी माहीत आहेत. माणसांतल्या हाडांच्या फ्लोरोसिसचं भारतातलं पहिलं सविस्तर वर्णन १९३७ चं, मद्रास इलाख्यातल्या नेल्लोर जिल्ह्यातलं.

मॅडम म्हणाल्या, "तुमची कसोटी इजेला ठीक आहे. रक्तातून जे येतं ते डावं-उजवं बघत नाही." खरंच आहे. विषबाधा, आहाराचा दोष, हार्मोन, म्हातारपण, सगळं दोन्ही बाजूंना सारखंच पोचतं. मग आजार ओळखायचा कशावरून? बराच वेळ बोललो. निसर्गाची जुळणी ठरलेल्या जागी, ठरलेल्या वयात होते आणि त्या जातीच्या प्रत्येक जनावरात तशीच सापडते. आजाराची जागा ठरलेली असली तरी कडा ठरलेली नसते. दोन जनावरांचे दोन थर कधीच एका मापाचे नसतात. त्यामुळे एका नमुन्यावर निर्णय द्यायचाच नाही, त्या जातीची चार-पाच निरोगी हाडं शेजारी हवीत. कपाटाची मांडणी यामुळे बदलेल. डाव्या बाजूला प्रत्येक हाडाचा एकच नमुना न ठेवता निरनिराळ्या वयाचे तीन-चार ठेवावे लागतील. जागा कमी पडणार.

दातांचा एक मुद्दा लेबलवर हवा. बाजारात आदत, दुसा, चौसा हे वयाचे टप्पे दात बघून ठरतात, आणि पुढचं वय झिजेवरून. फ्लोराइडच्या गावातली गाय त्यामुळे आहे त्याहून म्हातारी वाटते आणि पडेल भावात जाते. शिवाय दातांवर डाग पडतात ते दात बनत असतानाच फ्लोराइड गेलं तर. म्हणजे डाग नसलेली पण सांधे आखडलेली गाय असेल, तर ती त्या गावात मोठी झाल्यावर आली, एवढंही दातांवरून सांगता येतं.

१० सप्टेंबर

लहान नोंद. मांजराची मान. सात मणक्यांपैकी पहिले पाच एकाच दगडासारखे. रोज फक्त कलेजी खाऊन वाढलेली मांजरं अशी होतात. कलेजीतलं अ जीवनसत्त्व शरीरात साठत जातं आणि मानेच्या सांध्यांभोवती नवं हाड चढतं. मांजराला मान वळवून पाठ चाटता येत नाही, म्हणून केस गुंतलेले. बहुतेकदा मालकांची तक्रार केसांचीच असते. आहार बदलला की वाढ थांबते, पण झालेलं हाड परत जात नाही.

दुसऱ्या वर्षाच्या एका मुलीने विचारलं, घुबडाची मान पण अशी जुळलेली असते का? तिला कोंबडीचे १४ मानेचे मणके मोजायला बसवलं. पक्ष्याच्या मानेत सगळं सुटं आणि धडात सगळं जुळलेलं, हे तिचं तिनेच सांगितलं.

१८ सप्टेंबर

जबडे आणि शिंगं निवडून बाजूला काढली, ती या कपाटाची नाहीत. एक जबडा बाहेरून फुगलेला, आतून भोकाभोकांचा, बोलिंगरने १८७७ मध्ये वर्णन केलेला ॲक्टिनोमायकोसिस. इंग्रजीत याला 'लंपी जॉ' म्हणतात, पण २०२२ च्या साथीनंतर लंपी म्हटलं की सगळ्यांना त्वचेचा आजारच आठवतो, त्यामुळे लेबल जपून लिहायचं. बैलाच्या एका शिंगाचा गाभा आतून पोखरलेला: शिंगाचा कॅन्सर. कपाळाच्या हाडातली पोकळी थेट शिंगाच्या गाभ्यात जाते आणि कर्करोग तिथल्या अस्तरातून सुरू होतो. आपल्याकडे तो बैलांत जास्त आणि गाईंत कमी. शिंग एका बाजूला झुकतं, बैल डोकं झटकतो, नाकातून रक्त येतं. याचं वेगळं कपाट नंतर.

मुडदुसाचं वासरूही तिकडेच. वाढचकत्या रुंद झालेल्या, बरगड्यांच्या टोकांना गाठी. त्याच्या चकत्या जुळायलाच तयार नाहीत, हे लक्षात घेऊन मामांनी ते माझ्या कपाटाच्या शेवटी ठेवावं असं सुचवलं. सुचवणं चांगलं आहे. फळी मिळाली तर.

२७ सप्टेंबर

कपाट लागलं. काच अजून बसलेली नाही, सुतार गणपतीपासून 'उद्या येतो' म्हणतो आहे. लेबलं लिहिली, पण सरांशी एक वाद झाला. त्यांना प्रत्येक हाडाखाली नाव, जात आणि 'नॉर्मल' किंवा 'रोगट' असं स्पष्ट हवं. मला हाडांवर फक्त क्रमांक हवेत आणि उत्तरं कपाटाच्या बाजूला लटकवलेल्या वहीत. लेबल वाचून हाड पाहणारा हाड पाहतच नाही. तडजोड अशी: पहिल्या दोन फळ्यांना पूर्ण लेबल, खालच्या तीनला फक्त क्रमांक. पुढच्या तोंडी परीक्षेत गाईची नळी पुन्हा ठेवणार आहे, घोड्याच्या हॉकच्या शेजारी.

राहिलेली कामं: चितळाच्या शिंगाचं पत्र वन विभागाला गेलं, पोच यायची आहे. फ्लोरोसिसच्या नळीचा आणि निरोगी नळीचा एकाच फिल्मवर एक्स-रे. कोंबडीच्या सुट्या मणक्याला रंग द्यायचा, पण तो निघेल असा. डुकराची हाडं पुन्हा तेल सोडायला लागली आहेत, ती काढून परत भिजत घालायची.